रिकामी मूठही चालते

राजगोपाल राव मराठी बोलत. त्यांना ती वाचता मात्र येत नव्हती. त्यांची आई तंजावरहून पत्रं पाठवायची ती मराठीत असत, पण अक्षरं तमिळ. तिकडच्या बऱ्याच घरांत असंच चालतं, ते म्हणाले. भाषा आपली, सदरा शेजाऱ्याचा.

चेन्नईतल्या अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाण्याचे पंप बनवणारी एक फॅक्टरी आहे. तिथे ते बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. मी तिथे दोन वर्षांपूर्वी लागले. माझं काम पंपांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. वाशीमच्या मुलीने इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं आणि चेन्नईत येऊन ती लिहू लागली ते हे: पंप सुरू करण्यापूर्वी झडप उघडी असल्याची खात्री करा.

पहिल्याच आठवड्यात मी कागद मागायला स्टोअरवर गेले होते. खिडकीशी उभी असताना आईचा फोन आला. जेवले, मी तिला सांगितलं. हो, पोटभर. भात होता, भाजी होती. फोन ठेवला. खिडकीमागचा माणूस रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाला, "आईसी खोटें कां सांगितलेंस? जेवली नाहींस तूं."

चेन्नईत येऊन मला सहा दिवस झाले होते. समोर उभं राहून माझ्याशी मराठीत बोललेला तो पहिला माणूस.

तशी मराठी मी कधी ऐकली नव्हती. त्यातलं 'नाहीं' नाकातून यायचं. वाक्याचं टोक तमिळसारखं वर उचललं जायचं. मधेच 'सरि' यायचं, म्हणजे बरं. मधेच 'पोदुम', म्हणजे पुरे. त्यांनी डबा उघडला, झाकणात अर्धा दहीभात काढला आणि खिडकीतून माझ्याकडे सरकवला. मी नको म्हणाले. ते म्हणाले, आईसी सांगितलेलें आतां खरें करून टाक.

सगळी फॅक्टरी त्यांना रावसार म्हणायची. मी अण्णा म्हणू लागले. ते मला 'मा' म्हणत. इकडे धाकट्या मुलींना तसं म्हणतात.

मग रोज दुपारी मी माझा डबा घेऊन स्टोअरवर जायची. रॅकच्या दोन रांगांमध्ये दोन उलटे खोके, त्यावर आम्ही. अण्णा महाराष्ट्रात कधी गेले नव्हते. त्यांचे पूर्वज तिथून आले त्याला तीनशे वर्षं होऊन गेली होती आणि मधल्या काळात परत जाऊन बघावं असं कोणाला सुचलं नव्हतं. ते मला विचित्र प्रश्न विचारत. तिकडे पोलीसही मराठीत बोलतात का? भांडणं मराठीत होतात का? मी एकदा म्हटलं, बसवरच्या पाट्यासुद्धा मराठीत असतात.  मराठी ही त्यांच्या लेखी घरात, दार लोटून बोलायची गोष्ट होती. ती बसवर लिहिलेली असते हे त्यांना पटायला वेळ लागला.

त्यानंतर त्यांनी देवनागरी शिकायला घेतली. पाटी म्हणजे मालाला बांधायची पुठ्ठ्याची लेबलं. रोज दोन अक्षरं. पावसाळ्यानंतर त्यांनी खालच्या रांगेतल्या खोक्यांवर स्वतः लिहिलेली लेबलं लावली. वॉशर. सील. स्प्रिंग. 'ग'ची काठी ते उलट बाजूला काढत. मी दुरुस्त केलं नाही. फॅक्टरीत ती वाचू शकणारे आम्ही दोघंच होतो.

पिशवी मी पहिल्यांदा पाहिली ती त्या नोव्हेंबरात. असेंब्लीत वेंकट म्हणून एक फिटर आहे. त्याच्या वडिलांना एन्नोरच्या रस्त्यावर लॉरीने उडवलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी अण्णा स्टोअरमधून बाहेर आले. हातात एक जुनी पिवळी कापडी पिशवी. इकडे लग्नात पाहुण्यांना नारळ-विडा घालून देतात तसली. ते गेटपासून सुरू झाले आणि एकेका माणसापुढे थांबत गेले. समोरचा माणूस मूठ मिटून पिशवीत घालायचा, बाहेर काढायचा. त्या वेळी अण्णा वर पंख्याकडे बघत. कोणी काही बोलत नव्हतं. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या मुठी आत जाऊन आल्या. मॅनेजरचं कडं पिशवीच्या नाड्यात अडकलं तेवढाच आवाज.

नियम मला त्यांनी नंतर सांगितले. यादी करायची नाही. नाणी घालायची नाहीत, ती वाजतात. पैसे हातात द्यायचे-घ्यायचे नाहीत, जे काही असेल ते पिशवीत. मूठ मात्र प्रत्येकाची आत गेली पाहिजे.

"आणि ज्याच्याकडे काहीच नसेल?" मी विचारलं.

"रिकामी मूठही चालते," ते म्हणाले. "आंत जाऊन कोण पाहातो?"

पिशवीवर पुसट लाल छपाई होती. मला तेव्हा तमिळ अक्षरं येत नव्हती. कुठल्याशा लग्नातली असेल असं वाटून मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत अण्णा रॅकच्या शिडीवर तीन पायऱ्या चढले आणि तिथेच शिडीला मिठी मारून उभे राहिले. मी खाली होते. त्यांचे ओठ निळे पडले होते. वेंकटने त्यांना खांद्यावर घेऊन उतरवलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला लगेच समजलं. मी रोज झडपांबद्दलच लिहीत होते. लहानपणी आलेल्या एका तापाने हृदयाच्या दोन झडपा खराब झाल्या होत्या, आणि आता त्या नीट उघडत नव्हत्या, नीट मिटत नव्हत्या. अण्णांना हे ठाऊक होतं. तेविसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. दोन्ही झडपा बदलायच्या. तीन आठवड्यांच्या आत. त्यापुढे डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

त्यांचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मर्यादेच्या थोडा वर होता, त्यामुळे तो दवाखाना बंद. सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया होत होती, पण तिथली रांग जूनपर्यंत होती. कंपनीचा विमा होता, तो पुरत नव्हता. दोन लाख कमी पडत होते. अण्णांची आई चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या आजारपणात त्यांची सगळी शिल्लक संपली होती. भाऊबहीण नाही. पट्टरवाक्कमला एक खोली, एक स्टोव्ह, आणि आईचं अंथरूण अजून गुंडाळून ठेवलेलं.

मी म्हटलं, मी बघते.

मला एकच गोष्ट येते. मी लिहायला बसले. इंटरनेटवर मदत मागण्यासाठी पान उघडता येतं, तसं उघडलं. अण्णांचा फोटो घातला, स्टोअरच्या खिडकीतला. खाली त्यांच्याबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं. मला एम.ए.ला शोकात्मिकेच्या पेपरात वर्गात सर्वांत जास्त गुण होते. पहिलं वाक्य असं होतं: सेहेचाळीस वर्षांच्या या माणसाला जगात कोणीही नाही. हे वाक्य मी तीनदा बदललं आणि शेवटी हेच ठेवलं. ते मला आवडलं होतं.

पगारविभागातल्या कीर्तनाने त्याचं तमिळ करून दिलं. ते फॅक्टरीच्या ग्रुपवर टाकलं. पैसे देणाऱ्याचं नाव आणि रक्कम पानावर आपोआप दिसत होती. वरती मी माझे दहा हजार घातले, इतरांना धीर यावा म्हणून.

पहिल्या तीन दिवसांत साठ हजार जमले. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी, पुण्याच्या मावसबहिणीचे सहकारी, कॅनडातला एक माणूस ज्याला मी ओळखत नाही. लोकांनी लिहिलं, वाचून रडू आलं. मी ते सगळं अण्णांना वाचून दाखवलं नाही. ते रजेवर खोलीत पडून होते. मी संध्याकाळी जायची तेव्हा ते उशीला टेकून बसलेले असत, आडवं झालं की दम लागायचा म्हणून.

नंतर आकडा थांबला. सत्तर हजारांवर येऊन जो थांबला तो हलेना. आणि त्या यादीत माझ्याखेरीज आमच्या फॅक्टरीतलं एकही नाव नव्हतं. मॅनेजरचं नाही. वेंकटचं नाही. एकशे साठ माणसांपैकी एक नाही.

मी रोज सकाळी बसमध्ये ती यादी वरपासून खालपर्यंत वाचायची. मग फॅक्टरीत शिरायची आणि त्या एकशे साठ माणसांमधून चालत माझ्या टेबलापर्यंत जायची. ते मला बघून बोलायचे थांबत. दुपारी स्टोअरला कुलूप असायचं. कँटीनमध्ये मी कोपऱ्यात बसून जेवायची. माझ्या समोरची खुर्ची कोणी घेत नव्हतं. मला वाटलं, यांना लाज वाटते. वाटू दे. बावीस वर्षं ज्याने यांच्यासाठी पिशवी फिरवली त्याच्यासाठी यांच्या खिशातून शंभर रुपये निघत नाहीत. मला ती माणसं आवडेनाशी झाली. ते शहरही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्याआधी चार दिवस पैसे भरायचे होते. हातात दोन दिवस उरले असताना वेंकट कँटीनमध्ये माझ्या शेजारून ताट घेऊन गेला आणि मला राहवलं नाही. माझी तमिळ बाजारापुरती. तेवढ्या तमिळमध्ये मी त्याला विचारलं, तुझ्या वडिलांच्या वेळी रावसार घरी बसले होते का?

तो उभा राहिला. ताट तसंच ठेवून निघून गेला. 

सीतालक्ष्मी कँटीनमध्ये वाढते. साठीची बाई, अख्ख्या फॅक्टरीशी एकेरीत बोलते. ती सांबाराची बादली खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. ती हळू बोलली, मला समजावं म्हणून, लहान मुलाशी बोलतात तशी.

"पिशवी कुठाय?" ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"बारा दिवस झाले. वेंकटने लॉकरमध्ये पैसे ठेवलेत. माझे मिठाच्या डब्यात आहेत. रोज वाटतं, आज येईल. पिशवीच आली नाही तर घालायचं कशात?"

मी म्हटलं, पण ते पान होतं ना. ग्रुपवर टाकलं होतं.

तिने पदराने हात पुसले. "त्यावर नाव येतं. कॅनडावाल्याच्या खाली माझं नाव आणि तीनशे रुपये. आणि वर काय लिहिलंस? त्याला कोणी नाही." तिने सगळ्या टेबलांकडे हात केला. "मग आम्ही इथे कोण बसलोय?"

 तिने माझ्या ताटात भात वाढला. मी मागितला नव्हता. ती म्हणाली, खा आणि जा, पिशवी त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात असते.

मी विचारलं, पण फिरवायची कोणी?

"जो मागतो तो," ती म्हणाली. "तूच मागते आहेस ना?"

पिशवी खणात होती. घडी घालून, खाली वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी ती घेऊन गेटपाशी गेले. मशीनचे आवाज एकेक करून बंद झाले. कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी पहिल्या माणसापुढे उभी राहिले आणि वर बघितलं.

त्या फॅक्टरीतले सगळे पंखे मी त्या दिवशी पाहिले. गेटवरच्या पंख्याला एक पातं कमी आहे. मशीनशॉपमधल्या पंख्यांवर तेलाची काळी साय आहे. पेंटिंगच्या खोलीतला पंखा फिरताना किंचित डावीकडे झुकतो. खाली पिशवी जड होत नव्हती, नोटांना वजन नसतं. फक्त दरवेळी एक हात आत यायचा तेव्हा कापड ताणलं जायचं. काही हात चटकन बाहेर जात. काही थोडे रेंगाळत. वेंकटपुढे मी सर्वांत जास्त वेळ वर बघत राहिले. त्याने मूठ घातली, काढली, आणि तमिळमध्ये पुटपुटला की तुझ्या चपलेचा बंद सुटलाय. मी खाली बघितलं. सुटला होता.

पैसे मी मोजले नाहीत. पिशवी तशीच इस्पितळाच्या काउंटरवर नेली. तिथल्या मुलीने नोटा काढून मशीनमध्ये घातल्या, तीनदा. पानावरचे सत्तर हजार धरून रक्कम भरली आणि वर सोळा हजार उरले. त्या नोटांत एक कागद होता. त्यात दहा रुपयांच्या चार नोटा गुंडाळलेल्या. मुलगी हसली. मी तिला म्हटलं, हसू नका.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी अण्णांना वॉर्डात घेतलं. फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. कारकुनाने माझ्याकडे बघून विचारलं, नातं काय?  अण्णा पलंगावरून म्हणाले, "तंगच्चि." म्हणजे धाकटी बहीण. कारकुनाने लिहून घेतलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पानाचं, यादीचं, त्या पहिल्या वाक्याचं. वेंकटला मी काय बोलले तेही. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या छातीवरचे केस दाढीच्या पात्याने काढले होते आणि ते अंगाने एकदम लहान दिसत होते.

"मींही यादी केली होती," ते म्हणाले.

फॅक्टरीत लागल्यावर पहिल्या वर्षी. प्रेसवर एका माणसाची दोन बोटं गेली होती. अण्णा नवे, उत्साही, अक्षर चांगलं. त्यांनी कागदावर नावं आणि रकमा लिहून घेतल्या आणि शनिवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यांना वाटलं, लोकांना आनंद होईल. झाडणारी एक बाई होती. तिच्या नावापुढे पाच रुपये होते. कोणीतरी हसलं. ती सोमवारी कामावर आली नाही. नंतर कधीच आली नाही.

"तिचें घर शोधावयास गेलों होतों," ते म्हणाले. "घर मिळालें नाहीं. पिशव्या मात्र घरांत पुष्कळ होत्या."

मी पिशवी आणली होती, त्यांना द्यायला. ती माझ्या मांडीवर होती. तोवर मला तमिळ अक्षरं थोडी लागायला लागली होती. पुसट लाल अक्षरांत दोन नावं होती आणि एक तारीख. पहिलं नाव राजगोपाल. दुसरं मी इथे लिहीत नाही.

मी ते वाचते आहे हे त्यांनी पाहिलं. दीडशे छापल्या होत्या, ते म्हणाले. लग्नाला वीस दिवस होते. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा छातीला नळी लावून मान हलवली होती. अण्णांनी जाऊन मुलीच्या वडिलांना सांगून टाकलं. लपवलं असतं तरी कोणाला कळलं नसतं, इतकी वर्षं कुठे कळलं. आई त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. मग तिने त्या पिशव्यांतून भाजी आणायला सुरुवात केली. कापड चांगलं होतं.

"पोदुम," ते म्हणाले. मग विचारलं, "मूठ सर्वांची गेली कां?"

"हो."

"तुझी?"

मी पानावर दहा हजार दिले होते. पिशवीत मी हात घातला नव्हता. पिशवी धरणाऱ्यानेही घालायचा असतो हे मला सुचलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. म्हटलं, पण आता पैसे भरून झालेत.

 त्यांनी मान वळवली आणि वर पंख्याकडे बघू लागले. मी मूठ मिटून त्या रिकाम्या पिशवीत घातली. आत कापडाला हळदीचा आणि लोखंडाचा वास होता. मी मूठ उघडली की नाही हे मलाही आठवत नाही.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. झडपा नीट बसल्या. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं, कारण त्यानंतर त्यांना दुसरं सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी एक लहानशी गुठळी मेंदूत गेली होती. असं कधीकधी होतं. उजवा हात हलत नव्हता. तोंड थोडं वाकडं झालं होतं. बोलणं बंद.

मी रजा काढली. सकाळी जायची, भेटीची वेळ संपेपर्यंत बसायची. मी बोलत राहायची, वाशीमचं, आईचं, कुठल्याही बसच्या पाटीचं. सिस्टर म्हणाली होती, बोलत राहा, आवाज पोचतो.

सहाव्या दिवशी ते बोलले. "तण्णी," म्हणाले. तमिळमध्ये पाणी. मी धावत जाऊन सिस्टरला आणलं. सगळ्या वॉर्डाला आनंद झाला. मी फॅक्टरीत सीतालक्ष्मीला फोन केला आणि ती फोनवर रडली. मग मी परत आले, त्यांना चमच्याने पाणी पाजलं आणि विचारलं, "अण्णा, आणखी देऊ?"

ते माझ्याकडे बघून हसले. ओळखीचं हसले. पण उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं. ते नम्रपणे बघत राहिले, आपण रेल्वेत एखाद्या परक्या प्रवाशाचं बोलणं ऐकून घेतो तसे. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द जुळवत, तमिळमध्ये विचारलं, काय म्हणतेस?

रोज दोनतीन तमिळ शब्द परत येत होते. मराठीचा एकही आला नाही. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा असलेल्या माणसांत असं होतं कधी. एक आधी येते. दुसरी मागून येईल, किंवा नाही येणार. ते म्हणाले, माणूस वाचला हे महत्त्वाचं. मी हो म्हटलं. ते खरंच आहे.

अण्णा मला ओळखतात. माझं नाव त्यांना येतं. मी त्यांच्यासाठी काय केलं हे त्यांना लोकांनी सांगितलं आहे आणि ते मला दोन्ही हात जोडतात, डाव्याने उजवा उचलून. मला ते बघवत नाही.

जूनमध्ये ते कामावर आले. अर्धा दिवस, खिडकीत बसून. शिडीचं काम वेंकट करतो. पहिल्या दिवशी त्यांनी खालच्या रांगेकडे बोट दाखवून वेंकटला विचारलं, खोक्यांवर हे काय लिहिलंय, कोणी लिहिलंय? वेंकटने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नींग." म्हणजे तुम्ही. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. ते हसले. उलटी काठी असलेला 'ग' त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिला आणि रजिस्टर उघडलं.

दुपारी मी अजून तिथे जाते. खोक्यावर बसते. आम्ही डबे उघडतो. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये बोलते आणि ते चुका सुधारतात. तमिळ शिकणं बरं चाललंय असं ते सगळ्यांना सांगतात. आईचा फोन आला की मी तिथेच बसून बोलते. परवा तिने विचारलं, जेवलीस का? मी जेवले नव्हते. जेवले म्हटलं. अण्णा समोर बसून संत्रं सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मराठी मी आता फोनवर बोलते, आणि हे लिहिते आहे.

ऑगस्टमध्ये पॅकिंगमधल्या एका बाईच्या घराला आग लागली. सकाळी सीतालक्ष्मी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.  मी उठले आणि माझ्या टेबलाच्या खणातून पिशवी काढली.

गेटवरच्या पंख्याचं पातं अजून बसवलेलं नाही. मी एकेकापुढे थांबत गेले. सगळ्यांत शेवटी स्टोअर. पिशवी दिसताच अण्णा खिडकीतून उठून उभे राहिले. त्यांनी खिशात हात घातला की नाही ते मी पाहिलं नाही. मी वर बघायला लागले होते. पण त्याआधी एवढं दिसलं की त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताने त्याची बोटं मिटवायला सुरुवात केली. करंगळीपासून. एकेक. अंगठा शेवटी.

मग त्यांनी तो हात उचलून पिशवीत घातला.

स्टोअरच्या पंख्याला तीन पाती आहेत. मधल्या गोल टोपीवर कोळ्याचं जाळं आहे आणि पंखा फिरत असतानाही ते तुटत नाही. हात बराच वेळ आत होता. मिटलेली बोटं त्यांना आपणहून उघडता येत नाहीत. मी पंख्याकडे बघत राहिले. शेवटी कापड सैल झालं आणि ते तमिळमध्ये म्हणाले, आता तुझी.

मी पिशवी त्यांच्या हाती दिली आणि मूठ मिटली. ते वर बघत होते.